विवर, खळगा आणि अशनी

वाईच्या एका वाचकांनी विचारले आहे की, लोणारला 'उल्काविवर' म्हणावे की 'अशनिविवर', आणि कासच्या पठारावर पाणी साचणाऱ्या उथळ जागांनाही 'विवर' म्हणणे योग्य आहे काय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण 'ही ज्वालामुखीची विवरे' असे पर्यटकांना सांगितलेले साताऱ्यात वारंवार कानी पडते आणि ते साफ चूक आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांतून पसरला. कासचा माथा जांभ्याचा असून तेथील खोलगट जागा जांभा झिजून झालेल्या आहेत. त्यांना खळगे म्हणावे. निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांना कोणी विवरे म्हणत नाही.

'विवर' या शब्दाचे मर्म त्याच्या धातूत आहे. 'वृ' म्हणजे झाकणे, त्यावरून 'आवरण'. 'वि' लागला की उघडणे, त्यावरून 'विवृत' स्वर, 'विवरण' आणि 'विवर'. अमरकोशाने पातालवर्गात 'कुहरं सुषिरं विवरं बिलम्' असे शब्द एका ओळीत बसवले, आणि तेवढ्या आधारावर काही संस्कृतनिष्ठ अभ्यासक विवर म्हणजे अरुंद, खोल बीळच असा आग्रह धरतात. हा आग्रह मला मुळीच मान्य नाही. समानार्थी शब्दांची ओळ म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. माझ्या मते अशनिपाताने, म्हणजे आकाशातून आलेली वस्तू जमिनीवर आदळल्याने, जे घडते त्याला याहून नेमका शब्द नाही. ग्रीक 'क्रातेर' म्हणजे मद्यात पाणी मिसळण्याचे भांडे. तो शब्द केवळ आकार सांगतो, आपला शब्द क्रिया सांगतो. आघाताची लहर खडकात शिरते, तिच्यामागून दाब एकाएकी सुटतो आणि खडक आतून बाहेर व वर फेकला जातो. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या अशनिविवराच्या काठावर तर खालचे थर उलटून वर आलेले दिसतात. भूमीचे आवरण अक्षरशः उघडले गेले आहे!

विवराला दगडाचा ठसा समजणाऱ्यांनी अमेरिकन खाणतज्ज्ञ डॅनियल बॅरिंजरचे उदाहरण पाहावे. ॲरिझोनातील सुमारे १.२ किलोमीटर व्यासाच्या त्याच विवराखाली लोखंडाचा प्रचंड गोळा पुरलेला असणार, या विश्वासाने त्याने १९०३ पासून पुढे सुमारे पंचवीस वर्षे शोध चालवला. आज तो अशनी अवघा पन्नासेक मीटरचा मानला जातो आणि त्याचा बहुतेक भाग आघातातच वितळला वा वाफ होऊन गेला. विवर सामान्यतः अशनीच्या दहा ते वीस पट रुंद असते, काही वेळा त्याहूनही अधिक. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, पण व्यास सुमारे दीडपटच वाढतो. शिवाय अशनीचे वस्तुमान व घनता, खडकाचा चिवटपणा आणि गुरुत्वाकर्षण हेही हिशेबात येतात. म्हणून तोच अशनी त्याच वेगाने चंद्रावर आदळला, तर पृथ्वीपेक्षा मोठे विवर करील. तिरप्या माऱ्यानेही विवर बहुधा गोलच होते, कारण ते घासण्याने नव्हे तर स्फोटाने उघडते. मारा फारच सपाट असेल तरच ते लांबट होते.

राहिला पहिला प्रश्न. आकाशात पेटलेली दिसते ती उल्का, जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. लोणारच्या बेसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उघडणारा घाव जमिनीवर बसला होता, म्हणून 'अशनिविवर' हाच शब्द लिहावा.