मीठ कळेना झालंय

"ताई, मी कराडजवळच्या एका गावात राहते, वय 57. तीसेक वर्षं मिसरी लावत होते. गेल्या वर्षी डाव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग 30 वेळा लाईट (रेडिएशन) घेतले. ते संपून 4 महिने झाले. डॉक्टर म्हणतात आता काही नाही, पण माझ्या तोंडाला चवच नाही. पाणी गंजल्यासारखं लागतं, भात कागद चावल्यासारखा. तिखटाचा कण लागला तरी आग होते. मी उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून विकते, 25 वर्षांची गिऱ्हाईकं आहेत. परवा पाहुणे आले तेव्हा आमटी मी केली. सगळे गप्प जेवले. धाकटा नातू म्हणाला, 'आज्जी, लई खारट.' तेव्हापासून सून म्हणते, 'आई, तुम्ही बसा, मी करते.' ती चांगली आहे, पण मला बसवत नाही. कुणाला सांगावं तर म्हणतात, जीव वाचला ते बघ. कधी वाटतं, बोटभर मिसरी लावली तर तोंडाला काहीतरी कळेल. यंदा मसाला करू का नको?"

ताई,

यंदाचा मसाला करा. तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं पत्र वाचताना वाटलं, म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. कसा करायचा ते पुढे लिहिते.

मिसरी मात्र बोटभरही नको. जिभेला आज गूळ कळत नाही, तिथं मिसरी काय कळणार? चव येणार नाही, तंबाखू तेवढी आत जाईल, आणि तीही ज्या गालावर टाके पडलेत तिथंच. आजार उलटायचा किंवा तोंडात दुसऱ्या जागी नवा निघायचा धोका त्यानं वाढतो. तल्लफ येते ती बहुधा जेवणानंतर किंवा सकाळी उठल्या उठल्या. तेवढी वेळ गार पाण्याच्या घोटावर, बर्फाच्या लहानशा खड्यावर मारून न्या. अगदीच आवरेना झालं तर तंबाखूच्या पाकिटावर 1800 11 2356 असा नंबर छापलेला असतो. तो सरकारचा आहे, फुकट आहे. त्यावर फोन करा. तीस वर्षांची सवय एकटीनं सोडवायची असा काही नियम नाही.

आता जिभेचं. जिभेवर चव ओळखणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या दहा-बारा दिवसांत जुन्या होऊन गळतात आणि नव्या येतात. रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतं तसंच या पेशींनाही मारतं, आणि गालातल्या, जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथींनाही झळ पोचते. लाळेशिवाय चव नाही. सुनेला एक गंमत करून बघायला सांगा. जीभ स्वच्छ फडक्यानं कोरडी पुसायची आणि वर साखरेचे चार दाणे ठेवायचे. तोंडाला पाणी सुटेपर्यंत तिला काही गोड लागणार नाही, नुसती खरखर लागेल. तुमचं तोंड दिवसभर तसंच आहे, हे तिला त्या चार दाण्यांत समजेल. मी शंभर वाक्यं लिहिली तरी इतकं समजणार नाही.

आणि तिखट? तिखट ही चव नाहीच मुळी, ती आग. ती कळवणारी नस वेगळी आहे. चव गेली तरी आग कळते, आणि वरचं कातडं अजून नाजूक म्हणून जरा जास्तच कळते. "चव नाही आणि झोंबतं मात्र" असं तुम्ही सांगता तेव्हा लोक तुमच्याकडे संशयानं बघत असतील. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

बहुतेकांची चव लाईट सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला लागते, शेवटी शेवटी तळाला जाते आणि संपल्यावर काही महिन्यांनी हळूहळू वर यायला लागते. सहा महिने, वर्ष, कुणाला त्याहून जास्त. म्हणजे 4 महिन्यांत तुम्ही मागे पडलेल्या नाही. पुष्कळांची बरीचशी परत येते. सगळीच्या सगळी, जशी होती तशी येईलच असं मी लिहिणार नाही. लाळ कमीच राहिली तर काही पदार्थ कायमचे वेगळे लागतात.

वाट बघायच्या आधी एक करा. खिडकीशी बसून, आरशात, नातवाच्या बॅटरीच्या उजेडात तोंड नीट बघा. जिभेवर किंवा गालात दह्याच्या साईसारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असू शकते. तिनंही तोंड वाईट होतं आणि तिला साधं औषध आहे. जखम दिसली, गाठ लागली, गिळताना दुखलं, पाणी पिताना ठसका लागायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. वजन दर रविवारी एकाच काट्यावर करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. महिन्यात दोन-तीन किलो उतरलं तर ते अंगावर काढायचं नाही. मानेला लाईट लागले असतील तर थायरॉईडची तपासणी अधूनमधून लागते, तेही विचारून घ्या. आणि दाताचं सांगायलाच हवं. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात, पण लाईट घेतलेल्या जबड्यातला दात काढला की जखम भरायला फार त्रास होतो. गावातल्या दवाखान्यात सहज म्हणून दात उपटून घेऊ नका. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. चव परत यावी म्हणून कुणी झिंकच्या गोळ्या सुचवल्या तरी त्यांनाच विचारा. अशा रुग्णांत त्यांचा ठाम उपयोग दिसलेला नाही.

जेवायच्या आधी चूळ भरा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. गिळायचं नाही. जेवणानंतर पुन्हा. गंजाची चव यानं थोडी धुऊन निघते आणि घास ओल्या तोंडात पडतो. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या, पाणी काचेच्या पेल्यातून प्या. फरक पडतो, करून बघा. गरम गरम जेवू नका. कोमट आणि गार बरं लागतं. दूध-भाकरी चुरून, नाचणीची आंबील, मुगाचं वरण नि मऊ भात वर तूप घालून, दहीभात, मऊ अंडं. झोंबत नसेल तर आमसुलाचं पातळ सार. आंबटानं लाळ सुटते. झोंबलं तर आठ दिवस थांबा. मटण गंजासारखं लागत असेल तर सोडा आणि डाळीत, दुधात, अंड्यात ते भरून काढा. नाकाला लाईट लागले नाहीत, तेव्हा वास बहुधा शाबूत असेल. तुपात जिरं-हिंगाची फोडणी ताटाशेजारी आणून द्यायला सांगा. जीभ सांगत नाही ते थोडं नाक सांगतं. आणि भुकेवर विसंबू नका, घड्याळावर जेवा. आज नको झालेला पदार्थ दोन-तीन आठवड्यांनी चमचाभर पुन्हा चाखा.

आवडीचं मात्र सध्या करायला लावू नका. माझ्या थोरल्या भावाच्या घशाला रेडिएशन झालं होतं. ते संपलं तेव्हा आंब्याचे दिवस होते. आई रोज हापूसचा रस काढायची. पहिल्या दिवशी त्यानं एक चमचा तोंडात घेतला, वाटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओला कापूस." आईनं दुसऱ्या दिवशी आणखी चांगला आंबा आणला. तिसऱ्या दिवशी तो ताटावरून उठला. प्रेमानंच चाललं होतं सगळं, पण रोज त्याला नव्यानं कळत होतं की आंबा गेला. वाईट काळात खाल्लेल्या पदार्थाची मनात अढी बसते, ती चव परतल्यावरही सुटत नाही. आम्ही रस बंद केला. पुढच्या वर्षी त्यानं आपणहून आंबा मागितला. आपली आवड जपून ठेवायची असेल तर ती आत्ता वापरायची नाही.

"जीव वाचला ते बघ" म्हणणाऱ्यांना काय सांगावं? जीव वाचला याचा आनंद तुम्हालाही आहेच. पण ज्या जिभेच्या भरवशावर 25 वर्षं घराबाहेरून पैसा आणला, गावात नाव मिळवलं, ती गेली तर दुःख होणारच. त्याची लाज वाटून घेऊ नका. त्या दिवशी ताटावर सगळे गप्प बसले ते तुम्हाला जपायला, आणि टोचलं तेच जास्त. नातू एकटा सरळ बोलला. मला तर तोच तुमच्या कामाचा माणूस वाटतो.

सुनेला असं म्हणून बघा: "अगं, मीठ मला कळत नाही, तू चाख. बाकी मी करते." एवढंच. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्यायचं नाही, तिची जीभ उसनी घ्यायची. कांदा किती परतायचा हे तुमच्या डोळ्याला कळतं, फोडणी कधी तडतडली हे कानाला, पीठ कधी मळून झालं हे तळहाताला. गेलीय ती एक जीभ. मिठाचा चमचा एकच ठेवा आणि तो सपाट भरून घाला. कितीजणांच्या आमटीला किती चमचे, ते सुनेकडून एकदा पक्कं करून घ्या.

आता मसाला. तुमचं प्रमाण हातात आहे, कुठं लिहिलेलं नसणार. पहिला घाणा वजनकाट्यावर करा. मिरची किलोवर धरा. कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, मीठ सगळं नेहमीसारखं हातानं काढा आणि टाकायच्या आधी काट्यावर ठेवा. आकडा सुनेनं वहीत लिहायचा. गेल्या वर्षीचा मसाला एखाद्या बरणीत उरला असेल तर तो समोर ठेवा. रंग तुम्ही जुळवा, चव ती जुळवेल, आणि दोन जुन्या गिऱ्हाईकांना वाटीभर आधी पाठवा. पहिला घाणा जमला नाही तर घरात संपेल.

मिरच्या भाजताना आणि डंकावर कुटताना मात्र तुम्ही तिथं थांबायचं नाही. तिखटाचा तो खकाणा तुमच्या घशाला आत्ता सोसणार नाही. मागच्या अंगणात खुर्ची टाका, तोंडाला ओलं फडकं बांधा. खोबरं भाजायला घेतलं की खिडकीतून वास येईलच, तिथूनच हाक मारा: "उतरव आता."

तुमची,
ताई