रशचा ‘व्हेपर ट्रेल्स’ : मूळ ऐकावा की रीमिक्स?

तुम्ही विचारलंय, “प्रोग्रेसिव्ह रॉक नुकताच ऐकायला लागलोय. रश या बँडच्या ‘व्हेपर ट्रेल्स’ला सगळे मोठं पुनरागमन म्हणतात, पण तिसऱ्या गाण्यापर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. माझं काही चुकतंय का? २०१३ ची रीमिक्स आवृत्ती ऐकली तर चालेल का?”

तुमचं काही चुकत नाही. डोकं दुखलं ते त्या सीडीवरच्या आवाजामुळे. रीमिक्सच ऐका. इथे रीमिक्स म्हणजे नाचाची आवृत्ती नव्हे, त्याच रेकॉर्डिंगमधली वाद्यं आणि गळे पुन्हा नव्याने जुळवलेली आवृत्ती. पण त्या अल्बममध्ये दोन गोष्टी, वाजवण्यातला जोर आणि आवाजातला बिघाड, एकमेकींत अडकल्यात, आणि त्या सोडवून घेतल्याशिवाय लोक त्याला एवढं का मानतात ते कळणार नाही. मी कोल्हापुरात साउंडचं काम करतो. भजनं, नाटकं, शाळांची गॅदरिंगं, लग्नं. २००४ मध्ये मित्राने पुण्याहून ही सीडी आणून दिली तेव्हापासून हा अल्बम माझ्याजवळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रश म्हणजे कॅनडातल्या टोरोंटोचे तिघे. गेडी ली बास वाजवतो, गातो, कीबोर्डही सांभाळतो. अॅलेक्स लाइफसन गिटारवर. नील पिअर्ट १९७४ मध्ये ड्रम्सवर आला आणि गाण्यांचे शब्दही तोच लिहू लागला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक. यांच्या १९७६ च्या ‘२११२’ या अल्बमची अख्खी एक बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना आहे. १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’वर ‘टॉम सॉयर’ आहे, त्याच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात सात मात्रा चालतात. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक ताल ऐकलेल्या माणसाला तिथे अडखळायला होत नाही. विभागणी वेगळी आहे, पण समेवर परत येण्याची ओढ तीच.

जुलै १९९७ मध्ये त्यांचा दौरा संपला. पुढच्याच महिन्यात पिअर्टची एकोणीस वर्षांची मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी, जून १९९८ मध्ये, तिची आई जॅकी कॅन्सरने गेली. घरात तो एकटा उरला. मी आता निवृत्त झालो असं समजा, असं त्याने दोघा मित्रांना सांगून टाकलं होतं. ऑगस्ट १९९८ मध्ये क्वेबेकमधल्या घरातून मोटारसायकल काढली आणि निघाला. अलास्का, मेक्सिको, बेलीझ. सुमारे चौदा महिन्यांत ८८,००० किलोमीटर. पृथ्वीला दोन फेऱ्या घालून वर सात-आठ हजार उरतील एवढं अंतर. गेडीने २००० मध्ये स्वतःचा एकट्याचा अल्बम काढला, पण रशच्या नावावर एकही नवं गाणं आलं नाही.

जानेवारी २००१ मध्ये तिघे टोरोंटोच्या एका स्टुडिओत पुन्हा जमले. काम वर्षभराहून जास्त चाललं. गेडी आणि अॅलेक्स एकीकडे वाजवत बसायचे, पिअर्ट दुसऱ्या खोलीत शब्द लिहायचा आणि हात मोकळा करायचा. त्या दोघांच्या सहज वाजवण्यातले बरेच तुकडे पुन्हा न वाजवता जसेच्या तसे अल्बमवर ठेवले. कीबोर्ड नाहीच. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर त्यांचा कीबोर्डशिवायचा हा पहिलाच अल्बम. १४ मे २००२ ला तो आला. तेरा गाणी, सदुसष्ट मिनिटं. अमेरिकेच्या अल्बम-खपाच्या यादीत थेट सहाव्या क्रमांकावर.

आणि पहिला आवाज कुणाचा? ड्रम्सचा. एकट्या ड्रम्सचा. दोन्ही पाय बास ड्रमवर, वेगात. जो माणूस जवळपास चार वर्षं वाद्यापासून लांब होता, त्यालाच सगळ्यांच्या आधी बोलायला दिलंय. मला पहिल्यांदा ते ऐकून अंगावर काटा आला होता, अजूनही येतो.

आता तुमच्या डोकेदुखीकडे येतो. सीडीवर आवाजाला वर एक छत असतं, त्याच्या वर सिग्नल जाऊच शकत नाही. त्या काळात आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून सगळा आवाज दाबून त्या छताला भिडवायची चढाओढ लागली होती. हळू भाग आणि मोठा भाग यांतला फरक मिटतो. लाटांची टोकं छाटली जातात आणि छाटलेलं टोक कानाला खरखर म्हणून लागतं. आमच्या धंद्यात याला ‘आवाज फाटणे’ म्हणतात. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर डॉल्बीसमोर दहा मिनिटं उभं राहिलात तर ठोका पोटात जाणवतो, पण गाणं कुठलं ते कळत नाही, तसंच. ‘व्हेपर ट्रेल्स’मध्ये झांजा फुसफुसतात, बास गिटारीत बुडतो, आणि गाणं संपलं तरी कानाला विसावा मिळत नाही. दुखणं नुसतं मास्टरिंगचं, म्हणजे तयार गाण्यावर शेवटी फिरवतात त्या हाताचं, नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये आणि मिक्सिंगमध्येच, म्हणजे वाद्यं एकत्र जुळवतानाच, लेव्हल चढलेली होती, त्यामुळे मास्टरिंग पुन्हा करून भागलं नसतं. बँडलाही हे सलत होतं. २००९ च्या एका संग्रहात त्यांनी यातली दोन गाणी नव्याने मिक्स करून घेतली, आणि २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून अख्खा अल्बम.

काही चाहते म्हणतात, तो फाटका आवाजच खरा, त्यात माणसाचं दुःख आहे. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते सांगायला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पेठेतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, हायवेवर अपघातात गेला. नानांनी पखवाज खोळीत घातला तो तेरा महिने बाहेर काढला नाही. मंडळाने दुसरा वादक बघितला नाही, टाळावर भजन चालवलं. मग एका एकादशीला नाना न सांगता येऊन बसले. डाव्या पुडीला कणीक लावली, उजवी स्वरात आणली आणि सुरुवात केली. हात इतका जड पडत होता की टाळ ऐकू येईनात. बुवांनी त्यांना हळू वाजवा म्हटलं नाही, कुणीच म्हटलं नाही. पण माइक पखवाजाच्या तोंडाशी होता आणि कर्णा फाटायला लागला. बाहेर बसलेल्या बायकांना अभंगाचा एक शब्द समजेना. मी तेव्हा कॉलेजात होतो, माइक लावायला जायचो. गुडघ्यावर सरकत गेलो आणि माइक हातभर मागे घेतला. नानांचा हात तेवढाच जड राहिला. फक्त आता तो हात आहे हे बाहेर ऐकू यायला लागलं.

बॉट्रिलने माझ्या मते हेच केलं. पिअर्टचा जोर त्याने कमी केलेला नाही. अल्बम अजूनही दाट आहे, लाइफसनच्या गिटारीचे थरांवर थर आहेत. पण आता थर सुटे ऐकू येतात, बासच्या ओळी धरता येतात, मागचे आवाज वर येतात, आणि झांज वाजून विरते. जड हात हे त्यांचं संगीत आहे, फाटणं ही तांत्रिक चूक होती. ज्यांनी २००२ मध्ये मूळ सीडीवर जीव लावला त्यांना तीच जवळची वाटणार, मी समजू शकतो. नव्याने ऐकणाऱ्याला मात्र मी ती देणार नाही.

ऐकायचं कसं? नावात ‘रीमिक्स्ड’ असलेली आवृत्ती शोधा. फोनच्या स्पीकरवर नको, साधे पण बरे हेडफोन घ्या. सदुसष्ट मिनिटं एका बैठकीत ऐकू नका. अल्बम लांब आहे, आणि मधली दोन-तीन गाणी मला आजही सारखीच वाटतात. ‘वन लिटल व्हिक्टरी’ने सुरुवात करा, मग ‘घोस्ट रायडर’. ते त्याच मोटारसायकलच्या प्रवासावर आहे. पहाटे आमच्याकडचं कळे गाव ओलांडून गगनबावड्याच्या घाटाच्या बाजूला एकटा निघालेला कुणीही त्यातली चाल ओळखेल. रस्ता पुढे सरकत राहतो, गाणं कुठे पोचायची घाई करत नाही. नंतर ‘सीक्रेट टच’ आणि ‘अर्थशाइन’. या चारांवर चार दिवस काढलेत तरी चालेल.

पुनरागमन म्हणतात त्याचं एक कारण अल्बमच्या बाहेरही आहे. त्याच वर्षी त्यांनी दौरा केला आणि २३ नोव्हेंबर २००२ ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर तो संपवला. सुमारे चाळीस हजार माणसं होती. त्याचं चित्रण पुढच्या वर्षी निघालं. शब्द नसलेल्या ‘वायवायझेड’वर सुद्धा ते पब्लिक सुरात गातं. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस मागे बसून वाजवतोय. त्यानंतर पिअर्ट रशबरोबर २०१५ पर्यंत वाजवत राहिला, आणि ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कॅन्सरने गेला.

मूळ सीडी एकदाच ऐका, रीमिक्स कानात बसल्यावर, आणि फक्त पहिलं मिनिट. ड्रम्स सुरू होतात तिथे. नानांच्या पुढ्यातला माइक हलवायच्या आधीचा आवाज मला अजून आठवतो, तो तसाच होता.