विहिरीत कोल्ड प्लंज जमते का, अन् फ्लोट सेशनआधी काय करायचं?

भाऊ, तुम्ही विचारलं की कोल्ड प्लंज, म्हणजे गार पाण्यात थोडा वेळ बसणं, शेतातल्या विहिरीत जमते का, अन् पुण्यात फ्लोट सेशन, म्हणजे बंद टाकीत खारट कोमट पाण्यावर तरंगत पडणं, बुक केलंय त्याची तयारी काय. दोन्ही करून पाह्यलंय म्हणून सांगतो.

विहिरीचा नाद सोडा. आपल्याकडं हिवाळ्यात पहाटे विहिरीतून वाफा निघतात, म्हणजे पाणी थंड नाहीच, बुडायची भीती मात्र पूर्ण. मी ड्रममध्ये बर्फ टाकला होता. दीडशे लिटर पाणी 26 डिग्रीवरून 15 वर आणायचं तर हिशोबानं सतरा-अठरा किलो बर्फ लागते, मी अंदाजानं अर्धी लादी फोडून टाकली अन् धपकन आत बसलो. गार पाणी लागलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जाते, आपल्या हातात नसते ते, माझं तोंड तेव्हा पाण्यात होतं, दोन घोट नाकात गेले अन् चुलतभाऊ हसत व्हिडिओ काढून राह्यला! ड्रममधून निघताही येईना, अंग आखडलं होतं.

तर टाकं घ्या, थर्मामीटर घ्या. आधी आठ-दहा दिवस आंघोळीच्या शेवटी गार पाणी घ्या. मंग 15 डिग्रीत हळूहळू उतरा, तोंड वर, श्वास लांब सोडत राहा, मिनिट-दोन मिनिटात श्वास थाऱ्यावर येते. पहिल्यांदा एक मिनिट पुरे. आधी जोरजोरात श्वास घ्यायचे प्रकार करू नका, पाण्यात शुद्ध जाऊ शकते. दारू नाही, एकटं नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. निघाल्यावरही आतून अंग गार होत राह्यते म्हणून लगेच गाडीला किक मारू नका, अंग पुसून स्वेटर घालून बसा.

फ्लोटमध्ये उलटं, पाणी कातडीइतकंच कोमट, 34-35 डिग्री, फूटभर खोल. बुडायची भीती नाही, दार आतून उघडते, घाबरल्यासारखं झालं तर उघडं ठेवा. चहा तीन-चार तास आधी बंद, जेवण हलकं, मिरगीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. पाण्यात शेकडो किलो मॅग्नेशियम सल्फेट असते, कपाशीवर लाल्या आला, पानं लाल पडली की आपण फवारतो तेच, ते सोललेल्या जागी झोंबते म्हणून आदल्या दिवशीपासून दाढी नको अन् ओला हात डोळ्याला लावू नका. बारीक ओरखड्यावर व्हॅसलीन चालते. मी कापूस वेचून दुसऱ्याच दिवशी गेलो होतो, बोंडांनी सोलवटलेली बोटं तासभर अशी चुरचुरली की शांती कसली अन् काय! वेचणीतली तारीख असेल तर आजच फोन करून पुढं ढकला.