पत्रा हीच चेसिस

प्रश्न : वडिलांच्या जुन्या चेतक स्कूटरचा पाय ठेवायचा पत्रा ब्रेक पेडलजवळ गंजून भोक पडलंय. गॅरेजवाले वरून पत्रा टाकून रिव्हेट मारून देतो म्हणतात. चालेल का?
– एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : नाही, रिव्हेट मारून घेऊ नका. मोटरसायकलला पाइपांची चेसिस (सांगाडा) असते, चेतकला ती नसतेच. हँडलची नळी, पुढचं शील्ड, पायाचा पत्रा आणि सीटखालचा मागचा भाग हे वेल्ड केलेलं एकच कवच आहे आणि सगळा भार तेच वाहतं. चेतक ज्या वेस्पावरून आली, ती १९४६ मध्ये कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनिअरने घडवली होती.

पायाच्या पत्र्याखाली मधोमध लांब पन्हळ वेल्ड केलेली असते. दोन्ही मिळून बंद पेटी होते. १५ किलोचा तेलाचा डबा दोन्ही हातांनी पिळून पाहा. झाकण शाबूत असेल तर दाद देत नाही, कापलेलं असेल तर लगेच वाकडा होतो. गंजाने पेटी उघडी पडली की स्कूटरचं तेच होतं. त्यात मधला स्टँड याच पत्र्याला बोल्टने लागतो. वरून ठोकलेला तुकडा भोक झाकतो खरा, पण फटीत पावसाचं पाणी साचून गंज पसरतच राहतो.

रबर मॅट आणि पट्ट्या काढून खालून स्क्रू ड्रायव्हरने टोचत जा. टोक रुतलं तिथला पत्रा गेला. पन्हळ टणक असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तुकडा बसवा. जाडी व्हर्नियरने मोजून तेवढीच घ्या. पन्हळही गेली असेल तर पूर्ण फ्लोअर बदला. मात्र कापण्याआधी हँडलच्या नळीपासून इंजिनच्या बोल्टापर्यंतचं अंतर लिहून ठेवा आणि मध्ये लोखंडी अँगल टॅक करा (वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडा). नाहीतर बॉडी मधून दुमडते आणि चाकं एका रेषेत राहत नाहीत. पेट्रोलची टाकी आधी उतरवा. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगचे इंचभराचे टाके आलटून पालटून मारा, सलग मारले तर पत्रा तापून फुगतो. मग झिंक प्रायमर. पन्हळीतली पाणी निघायची भोकं बुजवू नका.

प्रश्न : विमानाचा पत्रा मात्र रिव्हेटनेच का जोडतात?
– एक वाचक, उलवे (नवी मुंबई)

उत्तर : विमानात वापरतात त्या ‘२०२४’ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूसारख्या धातूंची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने जाते. शिवाय पातळ पत्रा दाबला की सुरकुततो, म्हणून आत आडव्या कड्या आणि लांब पट्ट्या लावून पत्रा त्यांना रिव्हेट करतात. तिथे दोन्ही पत्रे धडधाकट असतात आणि मधल्या फटीत सीलंट भरलेलं असतं.