राखेतली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं: नव्यांसाठी सल्ला

राखेतून दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (लॅन्थॅनम, निओडिमियम, युरोपियम यांसारखे धातू) आम्लात विरघळवून काढायची असतील, तर आम्लाची बाटली उघडण्याआधी राख ओळखा. फ्लाय ॲशमध्ये, म्हणजे कोळसा जळून उडणाऱ्या बारीक राखेत, ही मूलद्रव्यं साधारण ४०० ते ५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) सापडतात, पण बरीचशी ॲल्युमिनोसिलिकेट (ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या) काचेच्या बारीक गोळ्यांत अडकलेली असतात. कॅल्शियम भरपूर असलेली राख आम्लात बऱ्यापैकी सुटते. ते कमी असेल, तर नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लाने बहुतेक वेळा निम्मंही हाती लागत नाही. अशा राखेत तेवढ्याच वजनाचा कॉस्टिक सोडा मिसळून ४५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजा, पाण्याने धुवा, मग सौम्य आम्लात टाका.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. सोड्याने मोकळी झालेली सिलिका आम्लात उतरते आणि द्रावण दाट असेल तर त्याची जेली होते. फिल्टर पेपरवर चिकट थर बसतो, थेंब पडायचा थांबतो. म्हणून राख कमी, आम्ल जास्त ठेवा आणि गाळणं उद्यावर ढकलू नका.

राखेतलं या मूलद्रव्यांचं एकूण प्रमाण आधी मोजाच, नाहीतर किती हाती लागलं याची टक्केवारी कशाची काढणार? त्यासाठी राख पूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलंत तर भांडी टेफ्लॉनची हवीत, आम्ल अंगावर सांडलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवं. शिवाय फ्लोराइडचा साका बसून आकडे कमी येतात. नवख्याने सोडियम पेरॉक्साइड फ्युजन (राख त्यासोबत वितळवून विरघळवणं) केलेलं बरं. आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) युरोपियम संशयास्पद जास्त दिसलं तर बेरियम ऑक्साइड तपासा, त्याचं वस्तुमान युरोपियमइतकंच दिसतं आणि राखेत बेरियम मुबलक असतं. आकडे बरोबर येतात का हे पडताळायला प्रत्येक खेपेला एनआयएसटी (अमेरिकेची मानक संस्था) १६३३सी ही प्रमाणित राख सोबत चालवा.