मृत्यूची बातमी आपल्या तोंडून सांगावी लागली, तर ते ओझं कसं उतरवायचं?

तुमचा प्रश्न वाचला. सुरतला तुमच्या खोलीवर राहणारा मित्र रस्त्यावरच्या अपघातात गेला आणि त्याच्या घरी, अमळनेर तालुक्यात, फोन करायची वेळ तुमच्यावर आली. ‘तब्येत जास्त आहे, निघून या’ एवढंच तुम्ही सांगितलं. आईवडील रात्रीच्या गाडीने आले. दवाखान्याच्या दारात त्याची आई तुम्हाला म्हणाली, ‘तू मला खोटं सांगून आणलंस.’ महिना उलटला तरी तो आवाज कानातून जात नाही. आपलं चुकलं का, आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं, असं तुम्ही विचारताय.

मी तापीकाठच्या एका गावाची पोलीस पाटील आहे. ठाण्यातून फोन येतो, ‘पाटीलबाई, अमुक आडनावाचं घर तुमच्या गावात आहे का?’ पुढचं वाक्य येण्याआधीच पोटात गोळा येतो. हायवेवरचा अपघात असतो, कुणी विहिरीत पडलेलं असतं, कुणी कपाशीवर मारायचं औषध घेतलेलं असतं. आमची नेमणूक 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली होते. गावातली खबर वर कशी कळवायची ते त्यात आहे. वरून आलेली खबर एखाद्या आईला कशी सांगायची, ते कुठल्याच कलमात नाही. ते मी दारोदारी शिकले.

आधी त्या आईच्या वाक्याबद्दल. ट्रकचा ड्रायव्हर तिच्यासमोर नव्हता, देव नव्हता, तुम्ही होता. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा कळतं, त्याच्यावरच तो सगळा राग येऊन आदळतो. माझा पदर धरून ‘खोटं बोलतेस तू’ म्हणून मला हलवणाऱ्या बाया मी पाहिल्यात. एका बापाने तर मला पुन्हा दारात पाय ठेवू नको म्हणून बजावलं होतं. त्या क्षणी त्यांना तुमचा चेहरा दिसत नसतो. म्हणून ते वाक्य तुमच्यावरचा निकाल आहे असं समजू नका.

पण तिचं म्हणणं मला पटतं, तेही सांगते. ‘जास्त आहे, निघून या’ ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती दयेतून आलेली आहे. म्हाताऱ्या माणसाला वाटेत काही होऊ नये, गाडीत आकांत होऊ नये, एवढाच तिचा हेतू. तरी मी ती पाळत नाही. अमळनेरहून निघालेली आई शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी सगळी वाट पोराचा जीव मागत काढते. एकवीरेला नवस बोलते, सप्तशृंगीला बोलते. जो आधीच गेलाय त्याच्यासाठी. पुढे तिला तेच सगळ्यात जास्त लागतं, आपण येड्यासारखं मागत बसलो होतो म्हणून. शिवाय आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. गावातला एखादा पोरगा फोटो लावून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं स्टेटस ठेवतो आणि गाडीतच कुणाच्या तरी फोनवर ते उघडतं. असं कळण्याइतकं वाईट काही नाही. आणि त्या घरात पुढे कधी खरंच कुणाची तब्येत बिघडली, तर त्या शब्दांवर कुणाचा विश्वास उरत नाही.

मग तुम्ही काय करायला हवं होतं? एकटे, परक्या शहरात, मित्राचा देह शवागारात, आणि फोनवर साठीचे आईवडील. त्या रात्री जी रीत माहीत होती ती तुम्ही वापरली, यात गुन्हा नाही. पण पुन्हा वेळ आली तर पहिला फोन घरी लावू नका. त्यांच्या भाऊबंदांतला एखादा शहाणा माणूस शोधा, चुलता, मेहुणा, नाहीतर सरपंच किंवा पोलीस पाटील. त्याला सगळं खरं सांगा आणि त्याने घरी जाऊन, समोर बसून सांगावं. अशी बातमी फोनवरून सांगू नये, कारण ती ऐकून कोसळणाऱ्या माणसाला फोन धरू शकत नाही. समोर माणूस असावाच लागतो.

मी स्वतः जाते तेव्हा आधी खात्री करते. गाडीच्या एमएच 19 च्या पाटीवरून मालकाचं नाव निघतं, पण गाडी त्या दिवशी मित्र घेऊन गेलेला असू शकतो. खिशातला मोबाईलही दुसऱ्याचा असू शकतो. ओळखणाऱ्या कुणीतरी चेहरा पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. मग ठाण्यातून विचारून घेते, देह कुठे आहे, पंचनामा झाला का, शवविच्छेदन कधी, ताब्यात घ्यायला कोण लागेल. सोबत त्या घरची एखादी जाऊ किंवा नणंद घेते, वडिलांना बीपी असेल तर आशाताईलाही. रात्री दोनला कळलं तर सकाळची वाट बघत नाही. पहाटे दूध डेअरीवर बातमी पोचतेच, आणि चार लोकांच्या आधी घरच्यांना कळावं हा त्यांचा हक्क आहे.

घरात गेल्यावर त्यांना बसवते. ‘आबा, बसा. बातमी चांगली नाही.’ एक श्वास थांबते. मग, ‘तुमच्या मुलाचा अपघात झाला आणि तो वारला.’ स्पष्ट, एका वाक्यात. ‘सिरियस आहे’पासून हळूहळू चढत जाणं मला क्रूर वाटतं. त्यानंतर मी गप्प बसते. देवाची मर्जी, धीर धरा, असलं काही बोलत नाही. घरात अहिराणी बोलत असतील तर मीही अहिराणीतच बोलते, छापील मराठी त्या वेळी कचेरीतल्या कागदासारखी वाटते. आई पुन्हा विचारते, ‘काय व्हयनं?’ मी पुन्हा तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगते. पहिल्या वाक्यानंतर कानात काही शिरत नाही, म्हणून ती कितीदाही विचारो, दर वेळी तेवढंच.

माझा भाचा धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकला. त्याने सांगितलं की डॉक्टरांसाठी वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची एक पद्धत आहे, 2000 साली कर्करोगाच्या डॉक्टरांनी मांडलेली, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्पाइक्स’ म्हणतात. जागा नीट निवडा, समोरच्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, भावना सांभाळा, पुढचं ठरवा. बरंचसं मला पटलं. फक्त तिसरी पायरी आजाऱ्यासाठी ठीक आहे, मयतीत तिला जागा नाही. ‘किती ऐकायचंय’ हे पोर गेलेल्या आईला विचारता येत नाही. दुसरी पायरी मात्र मी वापरते. दारात आधी विचारते, ‘कुणाचा फोन आला होता का?’ कित्येकदा अर्धं त्यांना कळलेलं असतं.

मग एक प्रश्न येतोच, ‘त्याला लई त्रास झाला का?’ इथे गोड खोटं बोलावंसं वाटतं. मी म्हणते, मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगते. आणि खरंच विचारते, पुन्हा येऊन सांगते. तुम्हालाही हा प्रश्न विचारला जाईल. जेवढं पाहिलं तेवढंच सांगा.

कागदांचं आईबापांसमोर काढू नका, चुलत्याला बाजूला घेऊन सांगा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, म्हणजे तुमच्या बाबतीत सुरतेला, आणि ती 21 दिवसांत करायची असते. तुमचा महिना उलटलाय, तेव्हा नोंद झाली का ते आधी विचारा. राहिली असेल तर सुरतेत तुम्हीच आहात, पुढची धावपळ तुम्ही करू शकता. विम्याला, बँकेला, सगळीकडे तोच दाखला लागतो.

आता तुमच्या झोपेचं. सांगणाऱ्याला सुतक नसतं, म्हणून त्याचं कुणी विचारतही नाही. आमच्याकडे मयतीवरून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नाही. मी नुसती बातमी सांगून आले तरी माझी सासू परसात पाणी तापवून ठेवते, काही न विचारता. जेवण त्या दिवशी जात नाही. माझी स्कूटी कुणाच्या दारात थांबली की ओट्यावरच्या बायांचे हात थांबतात. ग्रामसभेची नोटीस द्यायला गेले तरी एखादीचा चेहरा पांढरा पडतो. मी लांबूनच ओरडते, ‘काही नाही वं माय, कागद द्यायला आले!’ याचा मला आजही त्रास होतो, आणि तो पुरता जाईल असं मला वाटत नाही.

जे थोडंफार हलकं होतं ते त्याच घरी परत गेल्याने. द्वारदर्शनाला जाते, दहाव्याला जाते, गंधमुक्तीला जाते. कोपऱ्यात बसते, पाणी भरते, चहा करते. त्या लोकांना मी बातमी घेऊन आलेली बाई एवढीच आठवू नये. मला दारात पाय ठेवू नको म्हणणारा बाप पुढे दाखल्यासाठी माझ्या घरी आला आणि बराच वेळ पोराबद्दल बोलत बसला.

तुम्ही गेलात का त्यांच्याकडे? नसाल तर जा. त्याची बॅग, चपला, उशाशी असलेलं जे काही खोलीवर असेल ते घेऊन जा. तो सुरतेला काय खायचा, कुणाशी भांडायचा, रविवारी कुठे फिरायला जायचा, हे त्या घरात कुणालाच माहीत नाही, फक्त तुम्हाला माहीत आहे. त्यांना ते हवं असतं, मागायला मात्र सुचत नाही. आई पुन्हा तेच बोलली तर बोलू द्या. म्हणा, ‘हो माय, फोनवर खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.’ तेवढं पुरे. सफाई देत बसू नका.

आणि जाऊन आल्यावरही झोप येत नसेल, कामात मन लागत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

एक बघा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तुमच्याशी दोन शब्द बोलायला आईला सवड मिळणार नाही. साध्या दिवशी जा, चुलत्याला आदल्या दिवशी फोन करून.