टालीवरचे लाकूड आणि गिऱ्हाइकांचे हंगाम

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात माझी जळाऊ लाकडाची लहान टाल आहे. एप्रिल-मे महिन्यांत लग्नांमुळे लाकूड पुरत नाही आणि आचारी परत जातात. पावसाळ्यात घरगुती गिऱ्हाईक येते, तेव्हा लाकूड ओले असल्याची तक्रार ऐकावी लागते. पुढे दिवाळीपर्यंत सगळा व्यवहार उधारीचा होतो. भांडवल बेताचे आहे. साठा कसा करावा?

उत्तर : आपल्या बहुतेक अडचणींचे मूळ, मागणी आली की लाकूड शोधायला निघण्यात आहे. आपल्या भागात खरेदीचा खरा काळ माघ-फाल्गुन हाच होय. तूर निघालेली असते, कापसाची पऱ्हाटी उपटली जात असते आणि ट्रॅक्टर थेट बांधापर्यंत जातो. मृगाचा पाऊस पडला, की काळ्या जमिनीत चाक रुतते आणि विकत घेतलेली बाभूळही बांधावरच अडकून पडते. माघ-फाल्गुनात घरोघरी पऱ्हाट्या-तुराट्यांचे सरपण भरपूर असल्याने घरगुती गिऱ्हाईक टालीकडे फिरकत नाही, म्हणून व्यापारी हा काळ मंदीचा समजतात. वास्तविक कमाई याच काळात ठरते.

खरेदी करताना वजनाचा हिशेब मात्र डोळ्यांत तेल घालून करावा. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते. असे 100 किलो लाकूड 20 टक्के ओलाव्यापर्यंत वाळले, तर काट्यावर ते 62.5 किलोच भरते. समजा, आपण ते 400 रुपये क्विंटलने घेतले, तर वाळल्यावर ते 640 रुपये क्विंटलला पडते, आणि फोडणावळ व भाडे त्याहून वेगळे. त्यामुळे ओल्या आणि वाळलेल्या मालाचे ढीग व भाव वेगळे ठेवावेत. ओल्या लाकडाची बरीचशी आच त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते, हे जाणत्या आचाऱ्याला सांगावे लागत नाही. दोन फाटे एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो का आणि टोकाला चिरा पडल्या आहेत का, हे पाहूनच तो भाव बोलतो.

ओंडके आल्याबरोबर फोडून घ्यावेत. सालीसकट पडून राहिलेला ओंडका आतून सावकाश वाळतो, आणि पुरती वाळलेली बाभूळ कुऱ्हाडीला दाद देत नाही. थर दगडांवर किंवा जुन्या बल्ल्यांवर रचावेत, म्हणजे खालून ओल आणि वाळवी लागणार नाही. ताडपत्री फक्त वरून घालावी. चारही बाजूंनी गुंडाळलेल्या ढिगात वारा खेळत नाही, आणि आत बुरशी धरते. बारीक फोडलेला माल चैत्र-वैशाखाच्या उन्हात लवकर वाळतो, तो त्याच हंगामातील लग्नांना द्यावा. जाड फाटे पावसाळ्यातील घरगुती गिऱ्हाइकासाठी राखून ठेवावेत. भांडवल बेताचे असताना याहून मोठा साठा करू नये.

लग्नसराईचा अंदाज बांधण्यासाठी पंचांग जवळ असावे. उदाहरणार्थ, 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ असल्याने या काळात लग्ने जवळजवळ नाहीत, आणि मेच्या अखेरीचा नेहमीचा खप धरून भरलेला माल अंगावर पडू शकतो. आचाऱ्यांकडून तारखा आधीच लिहून घ्याव्यात आणि बयाणा घेतल्याशिवाय माल राखून ठेवू नये. लग्नाच्या लाकडाला उधारी देऊच नये. मांडववाल्याला रोख मोजणाऱ्या घराने चुलीच्या लाकडालाच थांबवावे, याला काही कारण नाही.

पावसाळ्यातील घरगुती उधारी पूर्ण बंद करणे गावात शक्य नाही, कारण कापूस विकला गेल्याशिवाय अनेकांच्या हाती पैसा येत नाही. मात्र प्रत्येक घराची मर्यादा वहीत आधीच लिहावी आणि उन्हाळ्यातील रोख गल्ल्यातून माघाच्या खरेदीची रक्कम बाजूला काढल्यावर जे उरेल, तेवढ्यावरच ही उधारी चालवावी.

एक बाब प्रश्नात आलेली नाही, पण ती सुटता कामा नये. महाराष्ट्रातील 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, मोह, चिंच, आंबा यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी ती तोडण्यास आधी परवानगी लागते. शेतकरी "घरचेच झाड आहे" म्हणाला, तरी परवानगीचा कागद पाहूनच सौदा करावा, आणि कोणत्या जातीच्या वाहतुकीला पास लागतो, हे गाडी भरण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.